वस्ती निर्जन

पाहणीचा फॉर्म काही फार मोठा नव्हता, चारच पानं. कारखान्यांमधली विषारी घाण आणून जाळायची, उरलेली पुरायची, असा प्रकल्प जिल्ह्यात कुठे बसवावा, हे त्या चार पानांवरून ठरणार होतं. जागा दोन उरल्या होत्या. एक अमडापूरच्या पलीकडचं माळरान, टेकाडवस्तीला लागून. दुसरी साखरखेर्ड्याच्या अंगाला, वकारच्या स्वतःच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. आणि प्रकल्पाच्या कंपनीनं पाहणीला नेमलेला माणूस कोण, तर हाच वकार! त्याचं गाव तिथलं, हे कंपनीला माहीत नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. इथूनच सगळं वाकडं चाललं.

माघाच्या उन्हात तो टेकाडवस्तीवर पोहोचला. घरं एकवीस, माणूस एक नाही. दाराला कुलूप आणि कुलपापुढे बाभळीच्या काट्या रचलेल्या. परक्याला वाटावं, उठून गेलेली वस्ती. पण वकार काय परका होता? त्याचे मरहूम अब्बा सईदभाई अमडापूरच्या बाजारात कोयत्यांना धार लावून देत. दसऱ्याआधी ऊसतोडीच्या टोळ्या त्यांच्यापुढे रांग लावायच्या. ही माणसं सहा महिने ऊस तोडायला जातात, शेळ्या-कुत्री शिरू नयेत म्हणून दारापुढे काट्या लावतात आणि पाडव्याच्या आसपास परततात, हे त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून ठाऊक. कायमचं सोडलेल्या घराला काट्या कोण लावतो? तिथून तर लोक चौकटसुद्धा उपसून नेतात.

शिवाय पहिल्याच घराच्या भिंतीवर कोळशानं ठसठशीत लिहिलं होतं, कडूबा मुकादम, आणि खाली फोन नंबर. एक फोन लावला असता तरी काम झालं असतं.

कंपनीचे प्रज्वल साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काच अर्धी खाली करून त्यांनी विचारलं, राहतं का कोणी इथे? वकार म्हणाला, कोणी दिसत नाही. मग त्यानं फोटो काढले. ती भिंत फोटोत येऊ नये म्हणून पठ्ठ्या दोन पावलं डावीकडे सरकला. पाचशे मीटरच्या आत किती माणसं राहतात, या प्रश्नापुढे त्यानं लिहिलं, 'वस्ती निर्जन'. तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. लाज नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच आली.

घरी त्यानं अम्मीला, नूरबीला, प्रकल्प आपल्याकडे येत नाही एवढंच सांगितलं. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गावभर. लोक त्याला रस्त्यात अडवून पाठ थोपटू लागले, पोरगा असावा तर असा म्हणू लागले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या गावची लेकरं त्यानं वाचवली होती, यात खोटं काही नाही. पण कोणाच्या लेकरांना पुढे ढकलून, हे गावात एकट्या त्यालाच माहीत होतं.

पाडव्याला टोळ्या परतल्या आणि वैशाखात तालुक्याच्या सभागृहात जनसुनावणी लागली. कडूबा वस्तीची तीसेक माणसं घेऊन आला. बायका लेकरं कडेवर घेऊन खालीच बसल्या. वकारला वाटलं, आता हा मुकादम आपल्या नावानं शिमगा करणार. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. चार शिव्या बसल्या असत्या तर जीव जरा हलका झाला असता.

कुठलं काय! त्याला पाहून कडूबाचा चेहरा खुलला. त्यानं सगळ्यांसमक्ष सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांना सांगितलं, हा आमच्या सईदभाईचा पोरगा, आमच्या कोयत्यांत वाढलेला, आमचं जाणं-येणं याला सगळं ठाऊक, यालाच विचारा. साहेब म्हणाले, ठीक आहे, मला कागद बघावा लागतो आणि कागदावर वस्ती निर्जन आहे. पाहणी करणारा स्वतः सांगत असेल की तिथे माणसं राहतात, तर आजच फेरपाहणीचा आदेश काढतो.

वकार उभा राहिला. मागच्या रांगेत त्याचे गाववाले बसले होते, त्याच्याकडेच बघत. फेरपाहणी झाली की प्रकल्प कुठे येणार, हे त्यांनाही कळत होतं.

"दारांना कुलपं होती, साहेब," तो म्हणाला आणि खाली बसला.

शब्दन् शब्द खरा. इतकं हलकट खरं त्या सभागृहात आजवर कोणी बोललं नसेल.

कडूबानं मान डोलावली.

"हाव, होती कुलपं. पोरगं खोटं नाही बोलून राह्यलं. आमचीच चूक झाली साहेब. एखादं म्हातारं माणूस घरी ठेवाले पाह्यजे होतं."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं आणि फाईल बंद केली.

वकार बाहेर पडून पायऱ्या उतरत होता, तोच मागून खांद्यावर हात पडला. कडूबा होता. त्यानं हळू आवाजात विचारलं, ती दुसरी जागा म्हणजे तुमच्याच गावाजवळची ना? वकारनं खाली बघूनच होकार दिला.

"मंग आता तुह्या गावाले तर नाही ना येत तो?"

"नाही, काका."

"चाल, बरं झालं बाप्पा," कडूबा म्हणाला. "नूरबी भाभी तरी सुखात राहीन."

त्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून वकारनं मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता.