घाटावरची गोधडी

भिलाईचा कारखाना तेव्हा म्हणजे नुसते मातीचे ढीग नि क्रेनच्या माना. क्वार्टर्स व्हायचे होते, म्हणून कारकून श्यामराव बायकोला नि आईला घेऊन दुर्गला शिवनाथकाठी एका खोलीत राहत होता. त्या परक्या मुलखात वच्छलाला सोबत म्हणाल तर एक सासू, ठकूबाई. आणि सासूही कशी, तर धुणं बडवताना वर्ध्याकडच्या अख्ख्या गावाची उणीदुणी काढून सुनेला पोट धरून हसवणारी!

कार्तिकस्नानाला आई कुडकुडते, हे श्यामरावला बघवेना. त्याने केवलराम नावाड्याकडून घाटावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या फांद्या छाटून घेतल्या. ऊन आलं, माय-लेक खूश झाले. पण पाणी घोटाभर, त्यात दिवसभर ऊन. माघात तळाचे दगड शेवाळाने हिरवेगार नि बुळबुळीत झाले. एका सकाळी ठकूबाई धाडकन आपटल्या. मोडलं काही नाही, पण जीव धसकला.

"मले वर्ध्याले पोचव," त्या लेकाला म्हणाल्या. "इथं मेली त रडाले बी ओळखीचं कोनी नाही."

वच्छला दाराआडून ऐकत होती. आत्याबाई गेल्या तर दिवसभर बोलायचं काय भिंतींशी? तिने दगड घासले, ते आठवड्यात पुन्हा हिरवे. मग केवलरामने बरेच दिवस बांधून ठेवलेली नाव हलवली, आणि तिच्या सावलीतले दगड काळे, स्वच्छ दिसले. वच्छलाने तेवढं हेरलं. दगड पुन्हा घासून तिने चार बांबू रोवले आणि वर सासूचीच जाड गोधडी ताणली. होळी झाली तरी दगड काळेच राहिले. मग ती ठकूबाईंना हाताला धरून घेऊन आली.

"माही गोधडी टांगली कावून वं?"

"आत्याबाई, पाय त ठेवून पाहा."

ठकूबाईंनी भीत भीत पाय ठेवला, मग दुसरा. "आता ऊनच नाही लागून राहिलं मले," असं कुरकुरत त्यांनी सुनेच्या हातातलं धुणं ओढून घेतलं. वर्ध्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे सेक्टर ६ मध्ये क्वार्टर मिळालं, नळ आला. अंगणातल्या हौदावर नि फरशीवर ठकूबाईंनी तीच गोधडी ताणली, आणि गेल्या साली डोळे मिटेपर्यंत तिला कुणाला हात लावू दिला नाही. आता वच्छला तिचा एक कोपरा रोज मुद्दाम दुमडून ठेवते. तिथे ऊन पडतं, शेवाळ धरतं, आणि शिवनाथचा वास येतो.

"घसरून पडशील एखाद दिवशी," श्यामराव चिडतो.

"पडली त पडली," ती म्हणते. "वरडाले तरी आत्याबाई येतीन."