डांगे चौक, सेकंड शिफ्ट

श्रद्धानं साइट बनवली, पण कोडची एक ओळ लिहिली नाही. यूट्यूब बघायचं, चौकोन ओढायचे, इथला तिथं जोडायचा, झाली साइट. सॉफ्टवेअर शिकलेल्या बायकांना चाकणकडच्या कंपन्यांत नोकऱ्या लागाव्यात म्हणून. थेरगावात लोक तिला मॅडम म्हणायला लागले. आई तर गल्लीभर सांगत सुटली.

आता चाकणची गंमत अशी, की कंपनी डिग्रीच्या आधी विचारते, आमची बस कुठून पकडणार? थांबा रूटवर नसेल तर पुढचं बोलणंच नाही. म्हणून श्रद्धानं एक रकाना वाढवला. थांबा आणि शिफ्ट. कंपन्या खूश. भराभर मुली लागल्या.

वर्षाली त्यातलीच. टेस्टर. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी घर सोडून आलेली. नवा पत्ता माहेरीसुद्धा सांगितला नव्हता. त्या दुपारी तिचा फोन आला.

"ताई, माझा थांबा बाहेरच्या कुणाला दिसतो का?"

"छे गं. फक्त कंपन्यांना."

"मग ह्याला कसा दिसला?" वर्षालीचा आवाज चिरकला. "मेसेज आलाय. डांगे चौक, सेकंड शिफ्ट, न्यायला येतो."

श्रद्धानं आईच्या हातातला फोन ओढून घेतला आणि लॉगिन न करता साइट उघडली. सगळं उघडं. नाव, फोटो, थांबा, शिफ्ट. रकाना वाढवताना 'सर्वांना दिसेल' हे बटण चालूच राहिलं होतं. तिनं ते बंद केलं. पण बघायचं त्यानं बघून घेतलं होतं.

"कुठायस तू?"

"थांब्यावर."

"आधी तिथून हल!"

"कशी हलू? समोर उभाय."

श्रद्धा अनवाणीच पळाली.

चौकात वर्षाली खांबाला चिकटून उभी होती. जवळच मोटरसायकलवर तो. आरामात, पाय पसरून. श्रद्धाला बघून हसला.

"तुम्हीच का मॅडम? साइटवर फोटो हाय तुमचा. झ्याक बनवलीय हां. आमच्यासारख्या अडाण्यालाबी लगेच सापडलं."

श्रद्धा वर्षालीच्या पुढं जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात कंपनीची बस आली. वर्षाली चढली, मागोमाग श्रद्धा.

"ओ, ही कोण? आपल्या कंपनीची नाय ही!" मागून एक बाई ओरडली.

"काका, ती मोटरसायकल... हिच्या मागं आहे," श्रद्धा ड्रायव्हरला एवढंच बोलू शकली.

ज्योतीरामकाकांनी आरशात बघितलं. मग वर्षालीच्या तोंडाकडं. रूट मोडणं काकांना माहीत नव्हतं. बायको दवाखान्यात होती तेव्हासुद्धा मोडला नव्हता.

"पंचिंगला लेट झाला तर मला बोलायचं न्हाई," म्हणाले, आणि बस पोलीस चौकीकडं वळवली.

"तुम्हालाच बोलणार की!" मघाचीच बाई म्हणाली आणि स्वतः खिडकीशी सरकून तिनं वर्षालीला आतल्या बाजूला बसवलं.

मोटरसायकल वळणापर्यंत आली. घुटमळली. मग गेली. कुठं, ते दिसलं नाही.

वर्षाली श्रद्धाचा हात सोडत नव्हती. "ताई, माझ्यासारख्या अजून किती जणी आहेत हो साइटवर?"

श्रद्धानं फोन काढला. साइटवरची यादी उघडली. पहिल्या नावाला लावला.

रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना.