तिसऱ्या शेडमधले ससे

सकाळी साडेदहाला धाकटीनं स्क्रीनवरचा निकाल पाहिला आणि ती खुर्चीतून उठलीच. तिसऱ्या शेडमधले ससे बाकीच्यांपेक्षा पार वेगळे निघाले होते.

ही राखाडी, आखूड कानांची जात आता फक्त या प्रजनन केंद्रातच उरली होती. जेमतेम साठ जनावरं. प्रत्येकाच्या कानाचा कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या जनुकांचा क्रम यंत्रावर वाचायचा आणि कोण कोणाच्या किती जवळचं ते शोधायचं, हे धाकटीचं काम. पहिल्या दोन शेडमधले ससे एकाच आईबापाची पिल्लं वाटावीत इतके सारखे होते. पुढच्या पिढ्या धडधाकट हव्या असतील, तर तिसऱ्या शेडचं रक्त त्यांच्यात मिसळायलाच हवं होतं.

आणि साथ नेमकी त्याच शेडमध्ये शिरली होती. केंद्राची जनावरांची डॉक्टर म्हणजे धाकटीची सख्खी थोरली बहीण. आज अकराला ती तिथल्या सगळ्या सशांना मारून शेड रिकामी करणार होती.

धाकटीनं फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग ती धावतच सुटली.

शेडमध्ये ताई इंजेक्शन भरत होती. अकरा वाजायच्या आतच तिनं सुरुवात केली होती; चार ससे टेबलावर निपचित पडले होते.

"ताई, थांब! यांच्यासारखे दुसरे नाहीत!"

"दारातच उभी राहा, आत यायचं नाही." ताईनं मान वर केली नाही. "गेल्या वर्षीही अशीच धावत आली होतीस. नंतर कळलं, नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती."

धाकटी दारातच थबकली. खरंच होतं ते. "या वेळी प्रत्येक नमुना दोनदा वाचलाय. दोन्ही वेळा तेच आलं."

"आणि साथ पसरून सगळीच जात संपली तर? सही माझी असते, बाई."

पिंजऱ्यातला एक ससा जाळीवर पाय आपटत होता. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या तापाच्या नोंदींवरून बोट फिरवलं. मग तिनं सुईवर टोपण बसवलं.

"ताप नसलेले सात आहेत. बाकीच्यांना ठेवता येणार नाही. पलीकडच्या रिकाम्या गोदामात ठेवते. चौदा दिवस मी एकटीच बघेन. जो आजारी पडेल, त्याला त्याच दिवशी संपवेन, तेव्हा तू मध्ये पडायचं नाही."

ताई गोदामाशेजारच्या खोलीतच राहिली. धाकटी दाराबाहेर डबा ठेवून यायची. चौथ्या दिवशी ताईचा निरोप आला, 'एक गेला.' सहाव्या दिवशी, 'आणखी एक.'

पंधराव्या दिवशी ताई बाहेर आली. डोळे खोल गेलेले, केसांचा नुसता गुंता.

"पाच वाचले. त्यांत तीन माद्या."

धाकटीला रडू फुटलं.

"त्या चारांनाही ताप नव्हता, उगाच गेले गं," ताई म्हणाली. "तुझ्या निकालासाठी थांबायला हवं होतं मी."

धाकटीनं तिचा हात घट्ट धरला. ताईनं आपले डोळे पुसले. "साठ सशांची नाती तोंडपाठ आहेत तुला, आईचा वाढदिवस मात्र परवा विसरलीस. चल, आधी तिला फोन कर. मग कुणाची जोडी कुणाशी लावायची ते सांग."