चीक विकायचा नसतो

सुनंदाबाईंच्या फोनजवळ मांजर येऊन बसायला लागलं, तेव्हा यावलच्या त्या अख्ख्या गल्लीने मान्य केलं, की फोनमध्ये दूध खरंच आहे. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने येऊन मांजराला विचारावं.

फोन मुलाचा, जितेंद्रचा, जुना. त्याने धुळ्याहून नवा आणला आणि हा आईकडे आला. दोन वर्षांपूर्वी सुनंदाबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला, दोन्ही म्हशी विकाव्या लागल्या, आणि चाळीस वर्षं जिच्या हातांना तुपाचा वास होता ती बाई दुपारभर भिंतीकडे बघत बसायला लागली. शेवटी सुनेने, रूपालीने, त्या फोनमध्ये शेतीचा एक खेळ टाकून दिला. गाईला चारा घालायचा, दूध काढायचं, लोणी घुसळायचं, तूप कढवायचं आणि दुकानात मांडायचं. कुठकुठले खेळणारे तुमचे शेजारी होतात आणि माल घेऊन जातात. पहिल्या दिवशी सुनंदाबाईंनी नाक मुरडलं, कारण खेळात म्हैसच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या तूप उतू जाईल म्हणून काचेवर फुंकर घालत होत्या.

आता धनकुंवरभाभींचं सांगायला हवं. बाजारपेठेतल्या निर्मलकुमार शेठची ही बायको म्हशी होत्या तोवर तीस वर्षं सुनंदाबाईंकडून तूप घेत होती. दर महिन्याला डब्यात बोट बुडवायची, जिभेवर टेकवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "ठीक आहे." तीस वर्षांत त्यापुढे एक अक्षर नाही. आणि आता तीही हाच खेळ खेळत होती, नात विधीने शिकवला म्हणून. तिचं खेळातलं शेतसुद्धा चोख जैन. कोंबड्या नाहीत, कांदा-बटाटा नाही, सूर्य मावळला की दुकानाला फळ्या. तरीही दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता खेळातली जत्रा उठायची, ज्याची कमाई जास्त त्याच्या दारावर तोरण लागायचं, आणि लागोपाठ तीन रविवार ते तोरण धनकुंवरच्याच दारावर होतं.

सुनंदाबाईंना तोरणाचं काही नव्हतं. पण एकदा, फक्त एकदा, त्यांचं तूप त्या बाईच्या वर लागायला हवं होतं.

शुक्रवारी खेळातली गाय व्याली. रूपाली हातातली कणीक तशीच ठेवून आली.

"आई, जिंकलो आपण. व्यालेल्या गाईचे पहिले चाळीस लोटे सोन्यासारखे चमकतात बघा. जत्रेत त्यांना तिप्पट भाव असतो. मांडा दुकानात."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने घरातला देव विकायला काढला होता. "काय बोलते व तू? चीक विकाचा?"

"आई, हा गेम आहे."

"मंग गाय काय गेमात नही व्याली?"

"व्याली, पण…"

"चीक विकला का गाय आटते."

"ही नाही आटत. ही कंपनीने बनवलीये."

"कंपनीले गाईचं काय समजते."

चाळीस वर्षांत सुनंदाबाईंच्या म्हशी किती व्याल्या असतील, पण चिकाचा थेंब कधी विकला नव्हता. गल्लीत घरोघर जायचा, आणि मग लोकांकडे खरवस शिजायचा. त्यांनी रूपालीकडून भेटीचं बटण शोधून घेतलं आणि चाळीस शेजाऱ्यांना चाळीस लोटे पाठवून दिले. रूपाली पुन्हा कणकेकडे गेली आणि तिने ती जरा जोरातच मळली.

चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे यावलला शेंबडं पोरगंही सांगेल. सातासमुद्रापलीकडच्या माणसांना ते कुणी सांगितलं, देव जाणे. पण खेळात परतभेटीचंही एक बटण होतं आणि लोकांनी ते दाबलं. शनिवारपासून रीघ लागली. भोपळे आले, लोकर आली, मधाच्या बरण्या आल्या, लाकडाच्या फळ्या आल्या. कुण्या उदार माणसाने ट्रॅक्टरचं चाक पाठवलं. रविवारी दुपारी गोदामात मुंगी शिरायला जागा राहिली नाही. कढलेलं तूप ठेवायचं कुठे? रवी थांबली आणि चूल विझली.

"थोडे भोपळे फेकून द्या," रूपाली म्हणाली.

"भांड्यात आलेलं कोनी फेकते?"

म्हणून त्यांनी दुकानात भोपळे मांडले. जत्रेला तूप घ्यायला आलेली माणसं भोपळे बघून पुढे जात होती. चार वाजता फोन वाजला. धनकुंवर होती.

"सुनंदाबाई, तुझ्या दुकानात नुसते भोपळे दिसतात. तूप कुठे आहे?"

"गोडाऊन भरलं भाभी. चीक वाटला तं लोकायनं भांडे भरून वापस केले."

"मला लोटा आला तो चीक होता?"

"मंग काय पाणी व्हतं?"

"मला वाटलं जाहिरात आहे." धनकुंवरचा आवाज पडला. "म्हणजे तुझं भांडं शुक्रवारपासून माझ्या घरी रिकामं पडलंय. भोपळे किती आहेत?"

"सव्वाशे."

"आण इकडे. भाव बोल."

घड्याळात चार वाजून गेलेले, जत्रा उठायला तास नाही, आणि या दोघी सव्वाशे खोट्या भोपळ्यांवर वीस मिनिटं घासाघीस करत होत्या. रूपाली डोकं धरून बसली. अखेर धनकुंवरने भोपळे घेतले, लोकर घेतली, फळ्या घेतल्या, चाकही घेतलं. मध तेवढा घेतला नाही, जैनाच्या घरी तो चालत नाही. इकडे गोदाम मोकळं झालं, रवी फिरली, तूप कढलं. तिकडे धनकुंवरचं गोदाम गच्च झालं आणि तिची रवी थांबली. शेठाणीचा गोदामाचा अंदाज आयुष्यात चुकला नव्हता. आज चुकला की तिने चुकवला, ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

पाच वाजले. सुनंदाबाई दुसऱ्या. धनकुंवर तिसरी. पहिला नंबर बोदवडच्या कुण्या धनसिंगचा.

रूपालीने त्याचं दुकान उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, याने तुमचा लोटा विकला. आणि बाकीच्या शेजाऱ्यांकडचे सात लोटे जमवून तेही विकले. तिप्पट भावात."

सुनंदाबाईंनी ताबडतोब धनकुंवरला फोन लावला.

"भाभी, त्यानं चीक विकला."

"चीक?"

"आठ लोटे."

"याच्या आईने याला काही शिकवलंच नाही?"

त्यानंतरचा अर्धा तास बोदवडात धनसिंगला सारख्या उचक्या लागल्या म्हणतात, आणि पाण्याची घागर संपली तरी थांबल्या नाहीत. दोघी आळीपाळीने बोलत होत्या, एकमेकींची वाक्यं पुरी करत होत्या. आपण धनकुंवरच्या वर लागलो हे सांगायचं सुनंदाबाईंच्या लक्षातही राहिलं नाही.

"ते जाऊ दे," शेवटी धनकुंवर म्हणाली. "घरी तीन पातेली मलई साठलीये. विधीला रिक्षा घेऊन पाठवते. येऊन कढवून देशील? तुझं तूप बंद झालं तेव्हापासून ह्यांनी खिचडी सोडलीये. दोन वर्षं झाली. म्हणतात, त्या तुपाशिवाय ती खायची कशाला."

सुनंदाबाई म्हणाल्या, "हे तीस वर्सात काहून नही बोलल्या?"

"बोलले असते तर तू भाव वाढवला असतास."

सुनंदाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "वाढवलाच असता," त्या म्हणाल्या, आणि फोन कानाशी धरूनच पायाने खाटेखाली चपला चाचपू लागल्या.