मास्तरांच्या गळ्यातली टेप

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, तीच. कारखान्यातून आले तेव्हा पिवळीधमक होते. आता मास्तरांच्या घामाने माझे आकडे पुसट झालेत, पण मास्तर ते नुसत्या बोटांनी वाचतात.

माप घेताना गिऱ्हाईक हमखास पोट आत ओढतं. मास्तर म्हणतात, "श्वास सोडा साहेब, पँट घालून जेवायचंही आहे तुम्हाला!"

मास्तरांचा माझ्यावर आंधळा विश्वास. अधूनमधून मला स्वतःच्या कमरेला गुंडाळून बायकोला ऐकवायचे, "बघ, लग्नातली पँट अजून होते. नाहीतर तू!" बाई अंगाने भरलेल्या. त्यांच्या ताटातलं तळण मास्तर हक्काने उचलायचे. "तुझी चरबी वाढेल गं, आण इकडे." आणि मी मूर्ख, गळ्यात मिरवत होते.

एकदा कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढताना मास्तर मध्येच छाती धरून खाली बसले.

"पित्त असेल," ते म्हणाले.

"मामंजीही असेच काडीपैलवान होते," बाईंनी त्यांचा दंड धरला. "पन्नाशीत मशीनवरच मान टाकली त्यांनी. मला ते पुन्हा बघायचं नाही. उठा, दवाखान्यात चला!"

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचं हृदय तपासलं, दोघांचंही रक्त घेतलं. बाईंचं सगळं ठीक निघालं. मास्तरांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकशे नव्वदच्या वर!

"माझं? बाटल्या बदलल्या असतील. माझी कंबर मोजून बघा हवं तर!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मास्तर, ही टेप कापडापुरती. रक्तातलं कोलेस्टेरॉल बारीक माणसाचंही वाढतं. तुमच्या तर घराण्यातच दिसतंय. एलडीएल रक्तवाहिनीत आतून थर धरतं, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, तो कचरा उचलून नेतं. तुमच्याकडे कचरा ढीगभर आणि झाडूवाला एकटाच. पण वेळ गेलेली नाही. एलडीएल शंभराच्या आत आणू."

मी शरमेने चूर झाले.

मग रोज गोळी सुरू झाली. सकाळी दोघांचं झपझप चालणं, तळण कमी, पालेभाज्या जास्त. "मी काय बकरा आहे का?" मास्तर कुरकुरायचे. "बकरा बरा," बाई म्हणायच्या, "तो निदान मुकाट खातो."

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. एलडीएल शंभराच्या आत! एचडीएलही थोडं वर आलेलं. डॉक्टरीणबाईंनी चढायची मोकळीक दिली, तसे मास्तर दुकानाचा जिना न थांबता चढले आणि वरून ओरडले, "अगं, माप बसलं! आता गोळी बंद!"

बाई खालूनच म्हणाल्या, "शिवण घट्ट बसली म्हणून दोरा उपसून काढता का तुम्ही?"

मास्तर खो खो हसत खाली आले आणि गळ्यातून मला काढून हारासारखं बाईंच्या गळ्यात घातलं. इतक्या वर्षांत एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

आता नवं गिऱ्हाईक कंबर बारीक भरली म्हणून खूश झालं, की मास्तर सांगतात, "हे झालं बाहेरचं माप. आतलं घेतलंत का?" तुम्हालाही माझं तेच सांगणं. माझ्यावर भिस्त ठेवू नका, बाबांनो. मी फक्त पँटची जबाबदारी घेते.