येतं, अडतं, येत नाही

सुनेचं इंग्रजी मी पक्कं करून घेणार, हे ऐकून शेजारीण पोट धरून हसली. हसू दे. मी इंग्रजीत सही करते तीसुद्धा दम खात खात. पण पुठ्ठा मला कळतो. एकतीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात काढलीत मी. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी कापून उरलेल्या पट्ट्या मागून आणायची खोड काही जात नाही. त्या पट्ट्यांची मी सहाशे कार्डं कापली, एकसारखी, कोपरे गोल केलेली.

सून नर्स आहे, तान्ह्या बाळांच्या वॉर्डात. सगळे तिला सिस्टर म्हणतात, आणि चिडवायचं असलं की मीही. माझा मुलगा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ती माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही, आणि का गेली नाहीस, हे मी तिला कधी विचारलं नाही. उगाच विचारायला जायचं आणि तिच्या डोक्यात यायचं, असं नको.

मग परदेशातल्या एका इस्पितळाचं पत्र आलं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांची देखभाल शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स, आणि पुढे तिथेच नोकरी. हे काम तिला नोकरीला लागल्यापासून हवं होतं. अडचण एकच, इंग्रजीची परीक्षा. पहिल्या खेपेला शब्दांच्या पेपरात ती दोन मार्कांनी नापास झाली. पुढच्या वर्षी ती वयाच्या मर्यादेत बसणार नव्हती. म्हणजे आता एकच संधी उरली होती.

आमची पद्धत अशी. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, त्याखाली माझ्यासाठी आपल्या अक्षरांत त्याचा उच्चार. मागच्या बाजूला मराठी अर्थ. ड्युटीवरून आली की ती गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची. मी चष्मा लावून समोर स्टुलावर. मी अर्थ वाचायचा, तिनं शब्द सांगायचा आणि त्याचं एक वाक्य करायचं. वाक्य मला कळायचं नाही, पण तिची नजर छताकडे गेली की मी ओळखायची, घोडं अडलंय. बुटांचे तीन खोके ठेवले होते. येतं, अडतं, येत नाही. शेवटच्या खोक्यातली कार्डं रोज विचारायची, मधल्यातली दोन दिवसांनी. 'येतं'मधली पंधरा दिवसांनी एकदा.

"गुंगी आल्यासारखं," मी वाचायची.

"ड्राउझी. आई, हे वाक्यात नको, मीच ड्राउझी झालेय."

"नाटकं पुरेत. वाक्य कर."

ती हसायची, पाय पाण्यात आपटायची, माझी साडी भिजवायची. खरं सांगते, मुलगा गेल्यावर या घरात पहिल्यांदा असं हसणं ऐकू यायला लागलं ते त्या कार्डांमुळे.

एक कार्ड मात्र रोज अडायचं. 'जवळचं माणूस गमावलेला.' शब्द होता बिरीव्ड. तिला येत नव्हता असं नाही. मी अर्थ वाचला की ती बादलीतलं पाणी बघत राहायची. आठवडाभर हे चाललं, मग एके दिवशी मी ते कार्ड 'येत नाही'मधून काढलं आणि हळूच 'येतं'मध्ये सरकवलं. तिला रोज रोज कशाला रडवायचं, एवढंच मनात होतं. देवाशपथ, एवढंच.

पण दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की तिला पत्तासुद्धा लागला नाही.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. तिला जे शब्द जड जायचे, त्यांतली दोन-तीन कार्डं मी रोज 'येतं'मध्ये टाकत गेले. पंधरा दिवसांनी त्यांची पाळी आली, की न विचारताच ती परत खोक्याच्या तळाशी घालायची. हाताला सवयच लागली. स्वतःला म्हणायची, बिचारी दमून येते, सोपंच विचारावं. दिवसभर बरी असायची मी. संध्याकाळी बादलीत पाणी ओतताना मात्र मनात यायचं, ही पास झाली, तर ही बादली कोणासाठी भरायची?

परीक्षेला दहा दिवस राहिले, तेव्हा तिच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. ती घरी आली, चपला काढल्या आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. मार्क पहिल्या खेपेपेक्षाही कमी होते.

"माझं डोकंच चालत नाही, आई," ती म्हणाली. "आपण घरी घोकलेले शब्द होते. वाचल्यासारखे वाटले, आणि एकाचाही अर्थ सांगता येईना. पूर्वी मी अशी नव्हते. हे गेल्यापासून काहीतरी बिघडलंय माझ्यात. औषधाच्या डोसमध्ये अशी चूक झाली तर? एवढ्याएवढ्याशा बाळांना?"

"असं काही नसतं गं."

"असतं. राहू दे ते सगळं. मी नाही जात. त्यांना उद्याच कळवून टाकते."

हेच तर हवं होतं ना मला? आयतं पदरात पडलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. हाताच्या पाठीनं डोळे पुसत होती, शाळेतल्या पोरीसारखी. ही जाणार नव्हती. पण आपण कामातून गेलो, असं समजून ही इथे राहणार होती. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, रोज. माझ्यानं ते बघवेना.

मी उठले, 'येतं'चा खोका जमिनीवर पालथा केला आणि एकेक कार्ड वेचून काढलं. मला सगळी ठाऊक होती. बेचाळीस भरली.

"ही तुला येत नव्हती," मी म्हटलं. "मी इकडे टाकली. तुझं डोकं ठणठणीत आहे. सडलंय ते माझं."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा घेऊन जायची, धुऊन आणून ठेवायची. संध्याकाळी मी बादली भरून ठेवायची आणि पाणी गार व्हायचं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, मलाही चार शब्द ऐकवता आले असते. पण ही गप्प राहणारी माणसं फार वाईट.

तिसऱ्या दिवशी ती आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, एवढं सगळं करण्यापेक्षा 'जाऊ नकोस' असं तोंडानं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर?"

"तर थांबले असते."

"ठाऊक होतं मला," मी म्हटलं. "म्हणून तर नाही सांगितलं."

तिचा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. पण ती माझ्याजवळ स्टुलाशी बसली आणि कपाळ माझ्या गुडघ्यावर टेकलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. केसांना वॉर्डातल्या औषधांचा वास येत होता.

"आत्ता सांगा," ती गुडघ्यावरूनच म्हणाली. "अजून कळवलेलं नाही मी त्यांना. सांगा, मी खरंच थांबते."

शब्द अगदी जिभेवर होते. दोनच तर शब्द, आणि तेही आपल्या भाषेतले. आजवर कोणाला कधी इतकं मनापासून काही सांगावंसं वाटलं नसेल मला.

"पाय सोड पाण्यात," मी म्हटलं. "गार होतंय."

तिनं मान वर केली, माझा चेहरा नीट बघितला आणि गुपचूप बादलीत पाय सोडले. मी चष्मा लावला. बेचाळीस कार्डांची चळत मांडीवर घेतली आणि वरचं वाचलं.

"मनातून तयार नसलेला."

ती बराच वेळ आठवत राहिली. नजर छताकडे गेली. मग चाचरत काहीतरी म्हणाली, पण ते शब्दाच्या जवळपासही नव्हतं. आठवड्यापूर्वी मी हे कार्ड निमूटपणे 'येतं'मध्ये टाकून दिलं असतं.

"चूक," मी म्हटलं. "साफ चूक. पुन्हा सांग."