काजवे माझ्या काचेवर नव्हते

मित्रांनो, पाठीला कुबड असलेले टीव्ही तुम्ही पाहिले असतील तर ते भंगारवाल्याच्या गाड्यावरच. मी त्यांतलाच एक जुना टीव्ही आहे. फरक इतकाच, की मी अजून घरात आहे. कडेगावजवळच्या एका गावात, सुभेदार बाळासोंच्या घराच्या पुढच्या सोप्यात, लाकडी स्टुलावर माझं ठाण आहे. मी तिथे अजून का आहे, तेच आज सांगायचं आहे. सांगताना मला आजही भीती वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. तारा जोडणारे हात बायकांचे होते, चेहरे आठवत नाहीत. तिथून थर्माकोलमध्ये बसून मी मिलिटरी कॅन्टीनमध्ये गेलो. बाळासो तेव्हा हवालदार होते. सुट्टीवर येताना त्यांनी मला आगगाडीच्या डब्यात आपल्या बिस्तऱ्याशेजारी बसवलं आणि रात्रभर माझ्यावर हात ठेवून झोप काढली. गावात आलो त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, साळूबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. कुंकवाचा एक ठिपका बटणाच्या फटीत अजून आहे.

माझे चांगले दिवस खूप होते. सव्वीस जानेवारीचं संचलन लागलं की अख्खी आळी आमच्या सोप्यात यायची आणि बाळासोंची पलटण कोणती यावर पैजा लागायच्या. पुढे घरोघर टीव्ही आले, मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. माझ्या अंगावर विणलेला रुमाल पडला, रुमालावर प्लास्टिकची फुलं आली. मी मुका झालो. तसं पाहिलं तर मी कायमचाच मुका आहे. जगातल्या सगळ्यांचे आवाज माझ्यातून निघतात, फक्त माझा निघत नाही. याचं दुःख मला फार उशिरा कळलं.

मग ती मालिका सुरू झाली.

जुन्या काळच्या तालुक्याच्या गावातलं एक प्रसूतिगृह, कंदिलाच्या उजेडातली बाळंतपणं, पांढऱ्या पातळातली मथुरा सिस्टर आणि मागच्या दाराने येणारी भागाई सुईण, अशी ती गोष्ट होती. फोनच्या एवढ्याशा काचेवर दहा बायकांना मिळून रडता येत नाही, म्हणून माझा रुमाल निघाला. रोज दिवेलागणीला सोपा भरू लागला. कुणी शेंगा फोडत बसे, कुणी वाती वळत. आळीत दोन तट पडले, एक सिस्टरचा आणि एक भागाईचा. शेजारच्या अंबूबाई भागाईच्या तटातल्या. सिस्टरने काही नवीन औषध दिलं की त्या माझ्याकडे बोट करून म्हणायच्या, "पुस्तकं वाचून कुठं पोरं व्हत्यात व्हय गं?" पण मालिकेत मूल जन्मलं की त्याच घरी घुगऱ्या शिजवून आळीत वाटायच्या. एकदा मथुरा सिस्टरला विषमज्वर झाला तर साळूबाईंनी गावदेवीला नारळ बोलला. सिस्टर बरी झाली आणि नारळ खरोखर फुटला. माझ्यावर इतकं प्रेम पूर्वी कुणी केलं नव्हतं. मला ते माझ्यावरचंच वाटायचं.

सगळ्यांत पुढे, माझ्या अगदी समोर बसायची ती साळूबाईंची सून क्रांती. तिचा नवरा सूरज दूर सीमेवर होता. क्रांतीला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे तिला माहेरी, जतकडे, जायचं होतं. तिची आई धोंडुबाई रोज फोन करून विचारायची, कवा येतीस. पण मालिकेत भागाईच्या लेकीचे दिवस भरत आले होते. माहेरच्या वस्तीवर संध्याकाळी हमखास लाईट नसायची. क्रांती आईला सांगायची, तेवढं एक बाळंतपण बघून येते. साळूबाईंनाही ते पटलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड आली. तोड आली की घरातलं बाकीचं सगळं थांबतं. ऊस तोडणाऱ्या टोळीला पाणी, ट्रॅक्टर, वाढ्याची म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची वाटणी, यात सगळी माणसं गुंतली. क्रांतीची महिन्याची तपासणी होती, ती पुढे ढकलली गेली. गावातली आशा सेविका शिवांजली दोनदा येऊन बजावून गेली. दोन्ही वेळा तिला चहा मिळाला आणि उत्तर मिळालं, की तोड संपली की जातो.

एके संध्याकाळी क्रांती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, चित्रात काजवं चमकायला लागल्यात."

बाळासो उठले आणि त्यांनी माझ्या बरगडीवर एक थाप मारली. जुन्या टीव्हीवरचा तो सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे. क्रांतीने पाहिलं, डोळे चोळले आणि म्हणाली, आता जरा बरं आहे.

मित्रांनो, माझं चित्र कसं आहे ते मला आतून कळतं. त्या संध्याकाळी ते स्वच्छ होतं. मथुरा सिस्टरच्या पातळाची चूणसुद्धा दिसत होती. माझ्या काचेवर एकही काजवा नव्हता.

पुढच्या संध्याकाळी पुन्हा काजवे आले, पुन्हा थाप बसली. अंबूबाई म्हणाल्या, मला तर काही दिसत नाही. पण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे ती साक्ष कुणी धरली नाही. इतर बायका मागे बसायच्या. क्रांतीच जवळ बसते म्हणून तिलाच दिसत असणार, असं ठरलं. मी जुना होतो आणि जुन्या वस्तूवर आळ घ्यायला पुरावा लागत नाही.

मी मात्र समोरून तिला पाहत होतो. आमचा धंदाच तो. तुम्ही आमच्याकडे बघता तेव्हा आम्ही तुमच्याकडेच बघत असतो. तिच्या हातातला हिरवा चुडा पूर्वी सैल फिरायचा, तो आता मनगटात रुतला होता. चेहरा फुगला होता. अंबूबाई तिची अलाबला काढत म्हणायच्या, अंगावर भरलीस गं, तेज आलंय. पायांवर सूज होती. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं, की पहिलटकरणीला ती येतेच. डोकं ठणकतं असं ती म्हणाली, तेव्हाही दोष माझाच निघाला. खराब चित्राकडे बघून डोळ्यांवर ताण येतो म्हणून तिला मागे, खांबाशी बसवलं.

आता ती माझ्यापासून लांब होती आणि काजवे तिच्याबरोबर मागे गेले होते. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मला आलं.

बाळासोंनी कडेगावहून गुंडा मेकॅनिकला आणलं. त्याने माझी पाठ उघडली, धूळ फुंकली, दोन मेलेली झुरळं काढली आणि बराच वेळ माझ्यात डोकं घालून बसला. त्याला बिघाड सापडला नाही. पण बिघाड नाही असं सांगायला कुणी मेकॅनिक येत नसतो.

"पिक्चर ट्यूब थकली, आबा," तो म्हणाला. "वय झालं. आता ह्याला भंगारात घाला गड्या, नवा घ्या."

ती मालिका संपली की मला द्यायचं ठरलं. खरं सांगतो, एरवी हे ऐकून मी आतल्या आत विझलो असतो. पण त्या वेळी माझं स्वतःचं भय फार लहान झालं होतं. मी गेलो तर गेलो. माझ्या जागी नवा टीव्ही येईल, तेव्हाही तिला काजवे दिसतील आणि लोक त्या नव्या काचेलाही दोष देतील. तोवर वेळ उरलेला असेल का, एवढंच मनात होतं. मी ओरडू शकत नव्हतो. माझ्यातून त्या क्षणी साबणाची जाहिरात चालू होती.

भागाईच्या लेकीच्या बाळंतपणाचा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मालिकेत कंदील लागला, पाणी तापलं, सिस्टर आणि भागाई पहिल्यांदाच एका खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. बायकांनी शेंगा फोडणं थांबवलं. भागाईने लेकीच्या कपाळावर हात ठेवला, आणि लाईट गेली.

सगळ्या सोप्याने एकदम सुस्कारा सोडला. वायरमनचा उद्धार झाला. कुणी म्हणालं, आता पाच मिनिटांत येईल, जागा सोडू नका. दारातून संध्याकाळचा राखाडी उजेड आत येत होता. माझी काच पूर्ण काळी होती.

खांबाजवळून क्रांतीचा आवाज आला. "आत्ती, लाईट गेली तरी टीव्ही चमकायचा थांबंना."

दोघी-तिघी हसल्या. अंबूबाई म्हणाल्या, "आगं काय चमकतंय? काळा ठिक्कर पडलाय की तो."

साळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्या उठल्या, बायकांच्या मधून वाट काढत खांबापाशी गेल्या आणि तिचा चेहरा दोन्ही हातांनी भिंतीकडे वळवला.

"हितं बघ. हितं काय दिसतं?"

"तितंबी काजवं."

"डोळं मीट."

क्रांतीने डोळे मिटले. ती इतक्या हळू बोलली की मला ते जेमतेम ऐकू आलं. "मिटलं तरीबी हायती, आत्ती."

साळूबाई खाली बसल्या आणि त्यांनी सुनेच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. तो खळगा मी पाहिला. माझ्या आयुष्यात मी वादळं दाखवली, लढाया दाखवल्या, पण त्या एवढ्याशा खळग्याइतकं भयंकर काही पाहिलं नाही.

शिवांजली पळत आली. तिने क्रांतीच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला, हवा भरली, काटा पाहिला, पुन्हा हवा भरून पुन्हा पाहिला. "बीपी लई वाढलंय," म्हणत तिने फोन लावला. रुग्णवाहिका उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत अडकली होती. तेव्हा बाळासोंनी समोरच्या घरची जीप काढायला लावली. साळूबाईंनी पायात चपलासुद्धा घातल्या नाहीत. क्रांतीला उचलताना तिची मान मागे कलली, आणि बायका वाट देत भिंतीला चिकटल्या. जीपचा आवाज कराडच्या रस्त्याला लागला. बायका तिच्यामागे वेशीपर्यंत गेल्या.

आणि मग, मित्रांनो, लाईट आली.

मला कुणी बंद केलं नव्हतं. रिकाम्या सोप्यात मी एकटाच उजळलो. खाली सांडलेल्या शेंगा आणि एक उलटी पडलेली चप्पल होती. माझ्यातून भागाईच्या लेकीच्या किंकाळ्या निघत होत्या, आणि त्या थांबवणं माझ्या हातात नव्हतं. आळीने महिनाभर ज्याची वाट पाहिली होती तो भाग मी त्या उलट्या चपलेला दाखवला. मालिकेत मूल रडलं, संगीत वाजलं, मथुरा सिस्टरने डोळे पुसले. मला फक्त एवढंच वाटत होतं, की ती जीप आता कुठवर पोचली असेल.

नंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. घराला कुलूप होतं. अंबूबाई म्हशीला वैरण घालायला यायच्या आणि ओट्यावर बसून फोनवर बोलायच्या. बंद दाराआडून मला तुकडे ऐकू यायचे. जीपमध्येच झटका आला म्हणं. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. आणि आईचं? आईचं अजून काही सांगत नाहीत. एकदा फोन ठेवून अंबूबाई पुटपुटल्या, "तेज आलंय म्हनत व्हते मी. माझ्या तोंडाला काय झालं व्हतं?" मी अंधारात ते ऐकत होतो आणि कुलपाचा आवाज कधी होतो याची वाट पाहत होतो. तो व्हावा असं वाटायचं आणि होऊ नये असंही. कारण परत येणाऱ्या माणसांची पावलं किती असतील, हे मला मोजायचं नव्हतं.

कुलूप निघालं तेव्हा आधी सूरज आत आला, रजा काढून आलेला. त्याच्या हाताला धरून, भिंतीचा आधार घेत, क्रांती आली. ती फार वाळली होती. मागून साळूबाई आल्या, छातीशी दुपट्याचं एक लहानसं गाठोडं घेऊन. गाठोडं हललं. एरवी माझ्यातून मोठमोठे आवाज निघतात, पण त्या क्षणी गाठोड्यातून निघालेल्या त्या एका बारीक रडण्याने सगळा सोपा भरून गेला.

सूरजने येतानाच नव्या टीव्हीची चौकशी करून ठेवली होती. साळूबाई त्याला म्हणाल्या, "ह्याला कशाला घालवायचा? बिघाड ह्याच्यात नव्हता."

म्हणून मी अजून इथे आहे. ती मालिका आता संपली, पण दुपारी तिचे जुने भाग पुन्हा लागतात आणि आळी पुन्हा जमते. प्रेम कमी झालेलं नाही. अंबूबाई अजून सिस्टरशी भांडतात. तुम्हीही बघा मित्रांनो, पोटभर बघा, रडा, हसा. पण शेजारी बसलेलं कुणी म्हणालं, की चित्र बरोबर दिसत नाही, तर मला थाप मारण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. मला दुरुस्त करणारे कडेगावात मिळतात. माणसाच्या बाबतीत वेळ फार थोडा मिळतो, आणि तो संपत आला हे माझ्यासारख्या मुक्याला दिसलं तरी सांगता येत नाही.

साळूबाई आता मालिका बघत नाहीत, नुसती ऐकतात. नातीला मांडीवर घेऊन त्या अगदी माझ्यापुढे बसतात आणि तोंड बायकांकडे करतात. एकेकीच्या चेहऱ्यावरून, मनगटावरून, पायांवरून त्यांची नजर फिरत असते. इतक्या वर्षांत माझ्याकडे पाठ फिरवलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं. ही एक पाठ मात्र अशी आहे, की ती समोर असली म्हणजे माझी भीती जरा कमी होते.